जुन्या सेटचे डीलर किती ‘धरतो’ आणि खरे किती देतो

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. वडिलांनी १९७९ साली सौदीतून, दम्मामहून, सान्सुईचा एयू-७१७ अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकरची जोडी, बेल्टवरचा टर्नटेबल आणि कॅसेट डेक आणला. सोबत रेकॉर्डचा गठ्ठा आणि कॅसेटचं एक खोकं आहे. आता राजारामपुरीतलं घर सोडून फ्लॅटमध्ये जाताय आणि तिथे एवढ्याला जागा नाही. कोल्हापुरातला एक डीलर सगळ्याचे मिळून १८ हजार रोख द्यायला तयार आहे. टर्नटेबल हळू फिरतो, मोटर गेली, म्हणून त्याचे तो काहीच धरत नाही. पुण्याचा एक डीलर म्हणतो, माझ्याकडचा ९० हजारांचा लहान सेट घ्या, तुमच्या सामानाचे ३५ धरतो, वर ५५ द्या. आणि जाहिरातीत तुमच्यासारखा नुसता अ‍ॅम्प ४५ हजारांना दिसतो. यात खरं कोण, असं तुम्ही विचारलंय.

मी कोल्हापुरात २८ वर्षं हेच काम करतोय. आधी लक्ष्मीपुरीत दुसऱ्याच्या दुकानात रिपेअरिंग, नंतर स्वतःची खरेदी-विक्री. म्हणजे मी डीलरच्याच बाजूचा माणूस आहे, हे लक्षात ठेवून वाचा.

४५ हजार ही कुणीतरी मागितलेली किंमत आहे. विकला गेलेला माल जाहिरातीत राहत नाही, त्यामुळे तुम्हाला कायम न विकलेल्या मालाचेच भाव दिसतात. ती जाहिरात किती दिवसांपासून तिथे आहे ते बघा. १८ हजार ही आज संध्याकाळी हातात पडणारी रक्कम. आणि ३५ हजार ही तर अजून किंमतच नाही, कारण ती दुसऱ्या एका किमतीला बांधलेली आहे.

ही शेवटची गोष्ट नीट समजून घ्या, कारण जुन्या सेटच्या व्यवहारात लोक सगळ्यात जास्त इथेच घसरतात. आमच्याकडे गिऱ्हाईक विचारतं, ‘किती धरता?’ आणि दुकानदाराचं लक्ष असतं ‘वर किती’ यावर. दुकानदाराला हवे तेवढे तो धरू शकतो, फक्त समोरच्या सेटची किंमत तेवढी वाढवायची. म्हणून घरातल्या दुसऱ्या कुणालातरी पुण्याला फोन करायला सांगा. तोच सेट, एक्स्चेंज नाही, सगळे पैसे एकदम, शेवटचा भाव काय? समजा तो ७२ म्हणाला. तुमच्याकडून तो वर ५५ घेणार आहे. ७२ वजा ५५ म्हणजे १७. तुमच्या सामानाचे त्याने ३५ धरलेच नव्हते, १७ धरले होते, इथल्या माणसापेक्षाही हजाराने कमी. तो ८८ म्हणाला तर मात्र तुमचे ३३ धरले गेले आणि सौदा चांगला आहे. असं होऊ शकतं. तुमच्या सान्सुईसाठी त्याच्याकडे आधीच कुणी सांगून ठेवलेलं असेल तर त्याचा माल पडून राहणार नसतो, मग तो हात सैल सोडतो. दोन आकडे वेगळे काढल्याशिवाय इसार देऊ नका, एवढंच.

आता इथल्या १८ हजारांकडे. एयू-७१७ हा ८ ओहमवर दर चॅनेलला ८५ वॅटचा चांगला अ‍ॅम्प आहे आणि त्याला मागणी आहे. पण ४५ वर्षांच्या अ‍ॅम्पमध्ये रिलेचे, म्हणजे स्पीकर जोडणाऱ्या आतल्या आपोआप स्विचचे, कॉन्टॅक्ट काळे पडलेले असतात, व्हॉल्यूम खरखरतो, सिलेक्टरचे स्विच एक बाजू गाळतात, कंडेन्सर वाळलेले असतात. हे सगळं करायला सुट्या भागांचे आणि हाताचे मिळून चार-पाच हजार सहज जातात. मग तो दोन-चार महिने रॅकवर बसतो, मुद्दल अडकतं, आणि विकल्यावर एक चॅनेल गेला तर गिऱ्हाईक माझ्याच दारात येतं. मी स्वतः असा अ‍ॅम्प, दोन्ही चॅनेल स्वच्छ असतील तर, १६-१७ हजारांना घेतो आणि काम करून साधारण ३० ला विकतो. त्यामुळे सगळ्याचे मिळून १८ हे मला कमी वाटतात, पण त्याला लूट म्हणणार नाही. तुम्ही त्याला प्रत्येक वस्तूचा वेगळा भाव सांगायला लावा. लॉटमध्ये विकताना नेहमी असं होतं की एका चांगल्या वस्तूच्या भावात बाकीच्या तीन फुकट जातात.

टर्नटेबलच्या बाबतीत तर मला त्या डीलरचं पटतच नाही. मोटर गेलेला टर्नटेबल थांबतो, गुणगुणतो, अडखळतो. तुमचा एकसारखा हळू फिरतोय. सौदीत वीज ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५० ची. बेल्टवरच्या त्या काळच्या बऱ्याच टर्नटेबलमध्ये सिंक्रोनस मोटर असायची, तिचा वेग विजेच्या हर्ट्झवरच ठरतो. म्हणजे ३३⅓ ऐवजी तबकडी मिनिटाला सुमारे २७.८ फेरे घेते. गाण्यातल्या माणसाला सांगायचं तर काळी पाचमध्ये गाणारी बाई जवळजवळ पांढरी पाचला उतरते, तबलाही जड होतो. वडिलांना हे माहीत असणार. ते कदाचित कॅसेटच जास्त ऐकत असतील.

यावरचा इलाज आपल्या गावात जितका सोपा आहे तितका फार कमी ठिकाणी असेल. मोटरच्या दांड्यावरची पितळी किंवा अ‍ॅल्युमिनियमची छोटी पुली काढायची आणि शिवाजी उद्यमनगरात एखाद्या टर्नरकडून तिच्या १.२ पट व्यासाची नवी करून घ्यायची. जुनी १० मिलिमीटर असेल तर नवी १२. आधी किंचित मोठीच ठेवायला सांगा आणि वेग बघत बघत उतरवा, कारण बेल्टची जाडीही हिशोबात येते आणि १२ मिलिमीटरच्या पुलीत ०.१ मिलिमीटर चुकला तर वेग पाऊण टक्क्याहून जास्त चुकतो. वेग तपासायची ठिपक्यांची स्ट्रोब चकती ५० हर्ट्झची घ्या आणि ती जुन्या चोकच्या ट्यूबलाइटखाली बघा, वेग बरोबर असेल तर ठिपके स्थिर दिसतात. एलईडीखाली ठिपके बहुधा स्थिर दिसत नाहीत. मी असे पाच-सहा टर्नटेबल उद्यमनगरातून सरळ करून आणलेत. फाउंड्री आणि इंजिनांचे पार्ट करणारी माणसं नखाएवढी पुली लेथवर लावतात तेव्हा तो टर्नर स्वतः ऐकायला येतो, हे मी पाहिलंय. पुली बदललेला तुमचा टर्नटेबल शून्याचा नाही. सुई चांगली असेल तर तो पाच-सात हजारांना सहज जाईल.

आणि सामान सौदीतून आलंय म्हणूनच आणखी एक सावधगिरी. अ‍ॅम्पच्या मागच्या बाजूला व्होल्टेजची निवड कशावर आहे ते आधी बघा. सौदीत त्या काळी ११०-१२७ व्होल्टचीही वीज होती. वडील मध्ये स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावत असतील तर अ‍ॅम्प अजून १२० वरच असेल. कुणी दाखवा म्हटलं आणि तुम्ही थेट भिंतीत लावलात तर २३० व्होल्टवर फ्यूज उडेल, नशीब वाईट असेल तर ट्रान्सफॉर्मर. मग १६ हजारांचा अ‍ॅम्प चार हजारांचा झाला.

पुण्याचा सेट घ्यायचा ठरला तर तुम्ही विक्रेत्या राहत नाही, गिऱ्हाईक होता, आणि मग बघायच्या गोष्टी वेगळ्या. डीलर मधले १२-१५ हजार कशाचे घेतो? वस्तू इथून तिथे नेण्याचे घेत असेल तर ते देऊ नका, त्यापेक्षा घरगुती माणसाकडून थेट घ्या. ते पैसे आहेत झाकण उघडून काम केल्याचे आणि बिघडलं तर परत घेण्याचे. म्हणून त्याला एक प्रश्न विचारा : ‘हाच सेट सहा महिन्यांनी तुमच्याकडे परत आणला तर किती द्याल?’ आपल्या मालावर भरवसा असलेला माणूस लगेच आकडा सांगतो, सत्तर टक्के म्हणेल, साठ म्हणेल. जो म्हणतो ‘ते तेव्हा बघू’, त्याला आत काय आहे ते माहीत नाही किंवा चांगलं माहीत आहे. मी विकलेल्या सेटच्या चिठ्ठीवर परत घ्यायचा भाव लिहून देतो. दहा वर्षांत चार वेळा घ्यावा लागला.

दुकानात गेलात तर घाई करू नका. सेट आधीपासून चालू करून ठेवलेला असेल तर बंद करायला सांगा, थंड होऊ द्या आणि मग स्वतः चालू करा. काही सेकंदांनी रिलेचा ‘टक’ असा आवाज यायला हवा, आणि तो एकदाच. स्पीकर काढून, आवाज शून्यावर ठेवून, स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर डीसीवर लावा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर निर्धास्त. १०० च्या वर गेला तर आतलं काहीतरी हललेलं आहे आणि उद्या ते तुमच्या स्पीकरची कॉइल जाळू शकतं. दुकानदार मीटर लावू देत नसेल तर नमस्कार करून बाहेर या. मग अर्धा तास गाणं लावून ठेवा आणि दोन्ही बाजूंच्या हीटसिंकला, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या पात्यांना, हात लावा. एक कोमट आणि एक चटका देणारी, असं नको. आउटपुट ट्रान्झिस्टर बदललेत का, विचारा. सान्केन, तोशिबाच्या नावाचे नकली ट्रान्झिस्टर बाजारात भरपूर आहेत. ते हळू आवाजात वर्षभर चालतात आणि दिवाळीत कुणी व्हॉल्यूम वाढवला की जातात.

स्पीकरची जाळी काढून कोनची, म्हणजे हलणाऱ्या गोल पडद्याची, कड बघा. फोमची असेल तर बोटाने हलकेच दाबा. आपल्या पावसात फोम दहा-पंधरा वर्षांत चिकट होऊन गळतो. रबराची किंवा कापडाची कड जास्त टिकते. कोन दोन्ही हातांनी सारखा दाबून सोडा, आत घासल्याचा आवाज आला तर कॉइल सरकलेली आहे. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण साडेपाच ते साडेसहा ओहम दाखवतो. डावा सहा आणि उजवा साडेतीन दाखवत असेल तर एकाचं ड्रायव्हर, म्हणजे पेटीतला आवाज देणारा भाग, बहुधा बदललंय, मग जोडीचा भाव देऊ नका.

कोल्हापुरात यापेक्षाही मोठी एक गोष्ट आहे, ती बाहेरचे लोक विचारत नाहीत. पुराचा माल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा इतकी चढली की पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन काही दिवस बंद होता. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा पाणी आलं. इथले आणि सांगलीचे कितीतरी सेट तेव्हा पाण्यात गेले, उन्हात वाळले, पुसले गेले आणि बाजारात आले. त्यातले काही अजून हातोहात फिरताहेत. असा सेट वरून ओळखू येत नाही, कारण पॉलिश करता येतं. तळाचे स्क्रू बघा, वरचे चकचकीत आणि खालचे गंजलेले असतील तर थांबा. ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यांच्या फटीत गाळ बसतो, तो कितीही ब्रश मारला तरी पूर्ण निघत नाही, टॉर्च मारला की पिवळट रेघ दिसते. मीटरच्या काचेच्या आत पाण्याची ओळ राहते. स्पीकरची पेटी भुश्याच्या बोर्डाची असेल तर खालची कड फुगते आणि ती पुन्हा कधीच बसत नाही, वर विनिअर चिकटवलं तरी बोटाला उंचवटा लागतो. असा सेट चालतोही. पण ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन एकदा भिजलं की त्याची खात्री मी देत नाही, आणि जो देतो त्याच्याकडून लिहून घ्या.

मला हे पुस्तकातून कळलेलं नाही. शाहूपुरीत कुंभार गल्लीच्या बाजूला माझं गोडाऊन होतं. २०१९ ला आम्ही सगळा माल माळ्यावर चढवला. २००५ ला पाणी जिथपर्यंत आलं होतं त्याच्या दोन फूट वर आहे, म्हणून निश्चिंत होतो. पाणी माळ्यावर आलं. माझा माल गेला त्याचं मी बघून घेतलं, पण त्यात तीन सेट लोकांचे होते, कमिशनवर विकायला ठेवलेले. कागदावर फक्त नाव आणि किंमत होती. नुकसान कुणाचं, हे कुठे लिहिलंच नव्हतं. एक निवृत्त गृहस्थ नुसते येऊन बसले, काही बोलले नाहीत. मी तिघांनाही ठरलेल्या भावाच्या निम्मे दिले, वर्षभर हप्त्याने. दोघांनी मान्य केलं, तिसऱ्याशी संबंध तुटले, आणि त्यांचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही.

म्हणून तुम्ही कमिशनवर ठेवायचा विचार केलात, आणि एयू-७१७ साठी तो खरंच करण्यासारखा आहे, तर चिठ्ठीवर एवढं असू द्या : सिरीयल नंबर, तुमच्या हातात पडायची कमीत कमी रक्कम, परत न्यायची तारीख, दुरुस्ती लागली तर कुणाच्या खर्चाने, आणि आग-पाणी-चोरी झाली तर कोण भरणार. मी १५ टक्के घेतो. २५-२६ हजार हातात पडू शकतात, पण दिवाळीपर्यंत थांबायची तयारी ठेवा. पुराच्या त्या अनुभवानंतर, पावसाआधी, मे महिन्याच्या शेवटी सेट विकला गेला नसेल तर मी माणसांना परत न्यायला सांगतो.

डॉल्बीच्या मालाबद्दल दोन ओळी, कारण पुण्याच्या सेटला जोड म्हणून कुणी तुम्हाला मोठा पॉवर अ‍ॅम्प स्वस्तात देऊ करेल. मिरवणुकीत वापरलेले अ‍ॅम्प आणि बेस गणपतीच्या आधी महाग होतात आणि अनंत चतुर्दशीनंतर स्वस्त. ते जनरेटरवर, धुळीत, गुलालात, रात्र रात्र शेवटच्या टोकाला चाललेले असतात. घरात ऐकायला ते घेऊ नका. पंख्याचाच आवाज गाण्याच्या वर येतो.

बिलाचं म्हणाल तर, ‘बिल हवं असेल तर पूर्ण किमतीवर १८ टक्के जास्त’ असं कुणी म्हणालं तर त्याला विचारा, मार्जिन स्कीम लावत नाही का? जुन्या मालाच्या व्यापाऱ्याने खरेदीवर क्रेडिट घेतलेलं नसेल तर त्याला जीएसटी फक्त खरेदी-विक्रीतल्या फरकावर भरता येतो. बिल घ्याच. सिरीयल नंबर लिहिलेलं बिल उद्या विकताना तुमच्या कामी येतं.

रेकॉर्डचा गठ्ठा टर्नटेबलसोबत ‘असू द्या’ म्हणून देऊ नका. आधी यादी करा. केसरबाई, मोगूबाई, मल्लिकार्जुन मन्सूर यांची जुनी एचएमव्हीची तबकडी असेल तर देवल क्लबात बैठका ऐकत मोठी झालेली माणसं अजून गावात आहेत, ती चार आकडी रक्कम आनंदाने देतात आणि जपतात. जड, ठिसूळ, ७८ च्या तबकड्या असतील तर त्या तुमच्या टर्नटेबलच्या सुईवर लावू नका, त्यांना जाड सुई लागते. पुण्याला टर्नटेबल पाठवायची वेळ आली तर त्याची फिरणारी थाळी आणि सुईच्या हातामागचं वजन काढून वेगळं बांधा, सुईचा हात दोऱ्याने बांधा, सुईवर टोपण घाला. ट्रॅव्हल्सच्या डिकीत बाकी सगळं सहन होतं, सुई होत नाही.

राहिला कॅसेट डेक. त्याचे फार पैसे येणार नाहीत, हजार-दीड हजार. पण तो आत्ता कुणालाच देऊ नका. तुम्ही कॅसेटचं खोकं लिहिलंय, त्यावर काय लिहिलंय ते लिहिलेलं नाही. आखातात गेलेली माणसं त्या काळी पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवायची, आणि घरची माणसं इकडून भरून पाठवायची. माझ्याकडे दर वर्षी एक-दोन जण येतात, ज्यांनी डेक आधी विकला आणि खोकं नंतर उघडलं. डेक चालू करून त्यातली एकही कॅसेट आज लावू नका. आतले बेल्ट डांबरासारखे झालेले असतील आणि पिंच रोलर, म्हणजे टेप पुढे सरकवणारा रबरी रोलर, कडक, तो टेप ओढून गुंडाळून टाकेल. आधी बेल्ट आणि रोलर बदलून घ्या, हेड साफ करून घ्या, एखादी बाजारातली गाण्याची कॅसेट दोन्ही बाजूंनी पूर्ण वाजवून बघा. मग हाताने लिहिलेल्या कॅसेट एकेक करून कॉम्प्युटरवर उतरवा, तुमच्यासमोर. जो म्हणेल ‘खोकं ठेवून जा, आठवड्याने या’, त्याच्याकडे ठेवू नका. माझ्याकडेसुद्धा नको.